वीतभर आखूड पडदा

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादिकाबाईंनी माझ्याकडे मागितला तो उपयोगी माहितीचा लेख. "काका, घरात पडदे कोणते लावावेत, चादरी, सोफ्याची कव्हरं कशी जपावीत, एवढं साधं लिहा. लोक कापून ठेवतील." मी हो म्हटलं, पण एक अट घातली. कापडाबद्दल जे मला कळतं ते लिहीन, पण एका पडद्याबद्दल मी खोटं बोललो आहे, तेही याच लेखात छापायचं. बाई हसल्या. "पडद्याबद्दल काय खोटं बोलणार तुम्ही?"

तेच सांगायला बसलो आहे. आधी माहिती, म्हणजे संपादिकाबाई रागावणार नाहीत.

इथे भिलाईतच, सिविक सेंटरला माझं पडदे शिवायचं दुकान होतं. लहानशी खोली, दोन मशिनी, भिंतीला टेकून ठेवलेली कापडाची थानं, म्हणजे तागे, आणि दारावर एक पाटी. पाटीवर दुकानाचं नाव बारीक होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'भिजवल्याशिवाय कापत नाही'. हिंदीतही तेच. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. म्हणून कापण्याआधी ते रात्रभर भिजवायचं, सावलीत वाळवायचं आणि मग कात्री लावायची. सगळेच शिंपी हे जाणतात. करतात थोडे, कारण त्यात दोन दिवस जातात आणि जागा लागते. माझ्या घरामागे सिमेंटची टाकी होती. तिच्यात थान बुडवून ठेवायचं काम माझी बायको शकू करायची आणि पाटीमुळे नाव माझं व्हायचं.

भिलाईत पडदे शिवणाऱ्याला एक सुख आहे, ते दुसऱ्या गावात नाही. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांतली एका प्रकारची सगळी क्वार्टरं एका मापाची. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्टर, माप घ्याले कधी येता?" मी म्हणायचो, "येऊन गेलो ना. तुमच्या शेजारी." सेक्टर आणि क्वार्टरचा प्रकार सांगितला की टेप खिशातच राहायचा. यातून एक छान रीत पडली होती. एका घरी लग्न निघालं की त्या गल्लीतले चांगले पडदे त्या घरी जायचे, कारण कोणाचेही पडदे कोणाच्याही खिडकीला बसायचे. मांडवातून फिरताना मी ओळखायचो, हा बंगाली दादांकडचा, हा तेलुगू बाईंचा, हा आपल्या गोंदियावाल्यांचा.

दुसरी गोष्ट म्हणजे कारखान्याची लाल धूळ. ती इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. एक नव्याने बदली होऊन आलेल्या बाई पांढरे शुभ्र पडदे हवेत म्हणून अडून बसल्या. त्यांच्या माहेरी पांढरेच लावत. मी वाद घातला नाही. पांढऱ्या कापडाची एक पट्टी दिली आणि म्हटलं, "आठ दिवस खिडकीत बांधा, मग ऑर्डर घेतो." नवव्या दिवशी बाई हसत आल्या. पट्टी फिकट विटकरी झाली होती. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मास्टरजी, यही रंग दे दीजिए." त्यांचे पडदे पुढे बारा वर्षं टिकले आणि कधी मळके दिसले नाहीत. तेव्हापासून माझा सल्ला ठरलेला: आपल्या घरात जी धूळ येते, तिच्या रंगाच्या जवळचा रंग घ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग निवडू नका, तुकडा घरी नेऊन खिडकीत धरा. कापड मुठीत दाबून सोडा. सुरकुती हटत नसेल तर ते कापड सोफ्याला घेऊ नका, दिवसभर इस्त्री करत बसाल.

धुण्याबद्दलही सांगतो. धूळ बसलेला पडदा सरळ पाण्यात टाकू नका. आधी अंगणात झटका, कोरड्या ब्रशने झाडा. नाहीतर धुळीचा चिखल होतो आणि धाग्यात शिरतो. एका खोलीतले सगळे पडदे एकाच दिवशी धुवा, म्हणजे विटले तरी सारखे विटतात. उलटे करून सावलीत वाळवा आणि थोडे ओलसर असतानाच टांगा. स्वतःच्या वजनानेच ते सरळ होतात.

इथलं आणखी एक खास काम म्हणजे शिफ्टवाल्यांचे पडदे. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. एक क्रेन चालवणारे बिहारी भाऊ आले. "मास्टर, ऐसा परदा दो कि दोपहर में भी रात लगे." मी जाड कापडाला काळं अस्तर लावून दिलं. आठवड्याने त्यांची बायको दुकानात उभी. दुपारी चारला त्यांनी उठून मुलीला शिकवणीला सोडायचं असायचं आणि ते सहापर्यंत उठतच नव्हते. "इतनी रात भी नहीं चाहिए थी," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या घरी गेलो, पश्चिमेची खिडकी पाहिली, पलंग पाहिला आणि एका कडेचं अस्तर चार बोटं उसवलं. दुपारी चारच्या सुमाराला उन्हाची तिरीप भावांच्या डोळ्यावर पडायची. वर्षभर ते मला भेटले की हात जोडायचे. हिवाळ्यात ऊन सरकलं तेव्हा पलंग सरकवा म्हणून मीच निरोप पाठवला.

असे दिवस मजेत गेले. लोकांनी खूप मान दिला आणि त्या मानाखालीच मी एक गोष्ट दडवली.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. छत्तीसगड राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. आमच्याच भंडाऱ्याकडचे बोरकर सेक्टर सहाला राहायचे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. बोरकरबाईंनी हातमागाचं जाडं, सैल विणीचं मोरपंखी कापड निवडलं. निवड उत्तम होती. कापड आणलं आणि नेमकं आभाळ आलं. चार दिवस ऊन नाही. टाकीतून काढलेली आधीची थानंच वाळत नव्हती. लग्न तोंडावर आलं. शकू म्हणाली, "त्यायले सांगा, थोडे दिवस उसने परदे लावा." मी म्हटलं, "नवे परदे वर्षभर कोण धुतं? मंग पाहू." आणि कोरं कापड तसंच कापलं. अशा कापडाला निदान खाली भरपूर दुमड तरी ठेवायची, म्हणजे नंतर सोडता येते. घाईत तीही ठेवली नाही. हात सवयीच्या मापावर चालला.

लग्नात पडद्यांचं फार कौतुक झालं. पण पाहुणे गेल्यावर हळदीचे हात, मुलांचे हात आणि ती लाल धूळ, सगळं पडद्यांवर दिसायला लागलं. नव्या सुनेने, निर्मलाने, हौसेने ते धुतले. खिडकीच्या तळाखाली चार बोटं उतरणारे पडदे तळाच्या वर आठ बोटं जाऊन बसले.

बोरकरबाई पडदा आणि सून, दोघांना घेऊन दुकानात आल्या. तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती नसती तर मी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

"मास्टर, हे पाहा. परदे पार वर चढले. कपडा खराब होता का जी?"

पडदा हातात घेतला आणि मला कळलं. तोंडातून मात्र निघालं, "कपडा बराबर आहे बाई. उकळत्या पाण्यात टाकला असन."

निर्मला खाली पाहून म्हणाली, "थंड्या पाण्यातच धुतले जी."

बोरकरबाईंनी दाराकडे बोट केलं. "वाच ते पाटी. हा मास्टर भिजवल्याबिगर कापत नाही. खोटा बोलन का?"

पोरीने पाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत होतो. वर मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, मी खाली पट्टी जोडून देतो. फुकट." बोरकरबाई म्हणाल्या, "देवमाणूस आहे. पण राहू दे. आखूडच राहू दे. दिसन तवा हिच्या ध्यानात राहीन."

ती गोष्ट गल्लीभर झाली. कोणाचा स्वेटर आटला की बायका म्हणायच्या, "निर्मलाच्या हातचा झाला का?" माझ्याच दुकानात, माझ्यासमोर म्हणायच्या. मी खडूने रेघा मारत राहायचो. मला मात्र त्यात वाहवा मिळाली. सुनेने बिघडवलं, तरी मास्टर फुकट पट्टी देत होता म्हणून. त्यानंतर मी प्रत्येक थान दोनदा भिजवू लागलो. शकूला त्याच आठवड्यात खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग मले काय सांगता? जा आन् तिले सांगा." मी म्हटलं, "जातो." दर दिवाळीला फराळाची ताटं वाटून आलो की ती विचारायची, "तिकडं गेले का?" आणि मी म्हणायचो, "जातो." दुकान बंद करूनही सात वर्षं झाली.

बोरकर रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि टाउनशिपबाहेर कोहक्याला त्यांनी घर बांधलं. खिडक्या मात्र मिस्त्रीकडून क्वार्टरच्याच मापाच्या करून घेतल्या, घरात पडदे आहेत म्हणून. बोरकर आता नाहीत. बोरकरबाईंना सगळे आजी म्हणतात. यंदा निर्मलाच्या मुलाचं लग्न जुळलं आणि साखरपुड्याला आम्ही दोघं गेलो. जेवणं चालली होती. आजी दिवाणावर बसून मुलीच्या आईला सांगत होत्या, "पोरीले सारं शिकवा जी, फक्त परदे धुवाले लावू नका. आमच्या घरच्या सुनायचा हात कपड्याले चालत नाही. इचारा या मास्टरले."

सगळे माझ्याकडे वळले. निर्मला पाण्याचा ट्रे घेऊन जात होती, ती जागीच थांबली. नवरी मुलगी होणाऱ्या सासूकडे पाहत होती आणि मग तिने स्वतःच्या मेंदीच्या हातांकडे पाहिलं. माझ्या तोंडात बालुशाही होती. तीच सबब झाली.

ऑटोने घरी आलो. कुलूप उघडताना शकू म्हणाली, "आता त्या पोरीलेही देता का तेच परदे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली. निर्मला ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी बसलोही नाही. म्हटलं, "निर्मलाबाई, तुमच्या लग्नातला कपडा मी भिजवला नव्हता. चूक माझी होती. आन् दुकानात मी खोटं बोललो. मंडळाच्या दिवाळी अंकातही हे लिवून राहिलो."

ती शेंग सोलता सोलता थांबली. "बसा जी," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. ती मोरपंखी कापडाची एक पट्टी घेऊन आली. उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला द्यायचा, पुढे जोड लावायला होतो, ही माझीच पद्धत. तोच तुकडा.

"दुकानातून आली त्याच दिवशी मी हे थंड्या पाण्यात बुडवली," ती म्हणाली. "आधी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत होती. वाळल्यावर पाहा." तिने पट्टी हातावर धरली. बोटं पूर्ण उघडी होती.

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं? मंग बोलल्या कावून नाही?"

"कोणाले बोलू? तीन महिन्यांची सून मी. आन् तुमची तेवढी मोठी पाटी." ती पट्टीची घडी घालत राहिली. "पयले दोन वर्स मी लई रडली, भाऊ. माहेरची माणसं आली तरी आई, म्हणजे सासूबाई, तेच सांगत. तुम्ही लिवून राहिले म्हणता ना, तर हेही लिवा."

लिहिलं आहे.

"आन् मंग?" मी विचारलं.

तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. "मंग आईनं सारं धुणं आपल्या हातात घेतलं. माझा भरोसाच नाही ना. सात माणसायचं घर, चादरी, परदे, गाद्यायचे कव्हर, सारं त्याच धूत. मले सकाळचे दोन घंटे मोकळे. मी गल्लीतले पोट्टे जमवून शिकवणी सुरू केली. मंग स्कूटी शिकली. आता मले सांगा, मी कावून म्हणू का माझा हात चांगला आहे म्हणून?"

आम्ही दोघं इतके हसलो की आतून आजींची हाक आली, "कोन आहे वं?"

"आता घरात मशीन आहे," निर्मला उठत म्हणाली. "आता सांगाले हरकत नाही. चला."

आजी त्यांच्या खोलीत खिडकीजवळच्या दिवाणावर आडव्या होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. घरात सगळीकडे नवे पडदे आले होते, या एका खिडकीला मात्र तो जुना मोरपंखी पडदा होता. विटून आकाशी झालेला, वीतभर आखूड. त्याच्यासमोर उभा राहून मी पुन्हा सगळं सांगितलं. आभाळ, घाई, कोरं कापड, उकळत्या पाण्याचं खोटं. म्हटलं, "पोरीचा हात चांगला होता, आजी. माझा खराब होता."

आजींनी आधी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला पाटी आठवली. मग त्यांनी मान वळवली आणि सुनेला विचारलं, "मंग तू पंचवीस वर्स कपडे कावून नाही धुतले?"

निर्मला पदर तोंडाला लावून हसू दाबायला लागली. आजी उठून बसल्या. "हिच्यापायी मी थंडीत चादरी आपटल्या. गुडघे गेले माह्ये. आन् हे मास्तरीण तिकडं पोट्टे शिकवत होती. तुले माहीत होतं का वं?"

"हाव, आई."

"पाय बाप्पा." आजींना राग आला होता की हसू येत होतं, कळत नव्हतं. तेवढ्यात निर्मलाने विचारलं, "आन् तुम्ही कावून पट्टी जोडू देली नाही तवा? माह्या ध्यानात राहावं म्हणून, एवढंच का?"

आजींनी पडद्याच्या खालच्या फटीकडे पाहिलं. ओट्यासमोरचा रस्ता तिथून स्वच्छ दिसत होता. भाजीवाला चालला होता.

"तुह्या सासऱ्याले बाईमाणूस खिडकीत उभं राहिलेलं चालत नव्हतं," आजी म्हणाल्या. "परदे आखूड झाले तवा मी दिवाणावर पडली, तर सारा रस्ता दिसला. कोन बजारात चाललं, कोणाच्या घरी पाव्हणे आले. तुले टोमणा मारत राहिली, तं कोणी परदा बदलवाचं नाव काढलं नाही." मग सुनेकडे न पाहता त्या म्हणाल्या, "टोमणा जास्त झाला माह्या हातून."

निर्मला त्यांच्याजवळ दिवाणावर बसली. मी पडद्याची किनार तपासत राहिलो. माझा टाका अजून पक्का होता, हे मात्र पाहून घेतलं.

आजींनी काम तिथे संपवलं नाही. "लाव फोन त्या विहीणबाईले," म्हणाल्या. फोन लागला. आजी मोठ्याने बोलल्या, बहुधा मला ऐकू जावं म्हणून, "विहीणबाई, काल म्या सांगतलं ते खोटं होतं. परदे मास्टरनं बिघडवले, माह्या सुनेनं नाही. तुमची पोरगी परदे धुवो का न धुवो, तिची मर्जी. नाही धुतले तर तिचा नवरा धुईन. हाव, मास्टर इथंच उभा आहे, मान खाली घालून."

मान खालीच होती, पण पंचवीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "आजी, तुमच्या खोलीचा परदा मी नवा शिवून देतो. नीट भिजवून."

"देशीन. पण वीतभर आखूड ठेव."

हातमागाचं कापड आणलं, मोरपंखी. टाकी अजून घरामागेच आहे. शकूने स्वतः थान बुडवलं, पहारा ठेवावा तसं दुसऱ्या दिवशीपर्यंत राखलं, वाळवलं आणि पुन्हा बुडवलं. कापताना माझ्या डोक्यापाशी उभी राहिली. आयुष्यभर मापात कापणाऱ्या माझ्या हाताला मुद्दाम वीतभर कमी कापणं जमेना. दोनदा खडू मारला, दोनदा पुसला. शेवटी शकूनेच आपली वीत कापडावर ठेवली आणि म्हणाली, "इथून."

मागच्या आठवड्यात तो पडदा टांगून आलो. निर्मलाने स्टूल धरलं, मी रिंगा ओवल्या. आजी दिवाणावर आडव्या झाल्या, उशी नीट केली आणि फटीतून बाहेर पाहिलं. ओट्याला टेकवलेली माझी सायकल तिथून अर्धीच दिसत होती.

"आणखी दोन बोटं वर घे, मास्टर," आजी म्हणाल्या. "तू येतान पुरा दिसला पायजे."